सव्वासहा ते सात: मुलगी

सोमवार, ३ मार्च. पहाटे ५.
सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी, म्हणून घर बुडवायचं नाही. टाइमटेबल करून फ्रिजवर लावलं. ५ ते ५.२०: सुनिल्दासोबत कोसिदोचा चहा आणि गप्पा. संध्याकाळी ६.१५ ते ७: मुलगी (गणित). बायकोने विचारलं, माझं नाव लिहिलंय, मुलीचं का नाही? चौकटीत मावत नव्हतं. एकूण घर खूश.

गुरुवार, ६ मार्च.
पालकसभा लांबली. मुलगी राहिली. गप्पाही राहिल्या, कारण पेपर.

मंगळवार, ११ मार्च.
आज तास झाला. अपूर्णांक. आरासेलीला तीनदा समजावलं, चौथ्यांदा आवाज थोडा चढला. त्यानंतर तिने एकही शंका काढली नाही. म्हणजे पक्कं झालं.

बुधवार, २६ मार्च.
मधे पाच तास बुडाले. पोरीची एका शब्दाने तक्रार नाही. समंजस आहे. माझ्यावर गेलीय.

शुक्रवार, ११ एप्रिल.
आरासेलीला गणितात पाचपैकी पाच! स्टाफरूममध्ये सगळ्यांना चीजचा चिपा-पाव वाटला, सोबत टाइमटेबलची झेरॉक्स. ऑफिसातल्या बाई चिपा खात म्हणाल्या, "रोज संध्याकाळी कान्तेरो सरांच्या ओसरीवर असते ना ती? सर रिटायर झाले, पण हातोटी तीच."
कान्तेरो! ज्या माणसाने जन्मात कधी घड्याळ बांधलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.
सुनिल्दाला सगळं ठाऊक होतं. पोरीला तिनेच नेऊन सोडलं. माझ्या घरात, माझ्याच विषयात हा दगा. आरासेलीला विचारलं, मी काय कमी केलं? वहीतून मान वर न करता म्हणाली, "तिथे चुकलं तरी चालतं, पपा."

शनिवार, १२ एप्रिल.
दिवसभर अबोला धरला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवार, १४ एप्रिल.
मोठ्या मनाने दोघींना माफ केलं. आरासेलीकडे वेळ मागितली. विचार करून म्हणाली, बुधवारी साडेतीनला या, ईस्टरचा चिपा मळायला.

बुधवार, १६ एप्रिल. संध्याकाळी ६.
दुपारपासून शाळांना सुट्टी. तीनला दहा मिनिटं पाठ टेकली. उठलो तर चिपा भट्टीतून बाहेर आलेला. टेबलाशी सुनिल्दा, आरासेली आणि कोपरापर्यंत पीठ लागलेले कान्तेरो सर. मी म्हटलं, मला उठवायची कोणाला गरज वाटली नाही?
आरासेली म्हणाली, "दोनदा उठवलं. तुम्ही म्हणालात, मीटिंगमध्ये आहे."
सुनिल्दा हसली नाही. तेच जास्त मनाला लागलं.
गरम चिपा सरांनीच बशीत घालून पुढे केला. माझ्याच घरात, पाहुण्याला देतात तसा.