ते ‘न्हाई’ कशाचं होतं

प्रिय संतरामदादा,

आणि वर तू मला फोनवर तीन वेळा ‘ये’ म्हणलास, हे नाक्यावर चहा पिणाऱ्या प्रत्येकाला काहून सांगून राहिलास? तीनपैकी एक तरी माझ्या कानात पडायला पाहिजे होतं. पडलं ते ‘न्हाई’. तू ढाब्यावरच्या फोनवर, मागं ट्रकचे हॉर्न, भांड्यांचा खणखणाट, आणि त्यातून तुझं कोरडं न्हाई. मी विचारलं होतं, अनूच्या लग्नाला येऊ का? सख्ख्या बहिणीच्या लग्नाला यायला विचारावं लागलं हीच आधी लाज, त्यावर तुझं न्हाई. मी फोन आदळला. आदळणारच. तुला काय कळणार ते, तुला कुठं कधी विचारून घरात यावं लागलं?

लग्न झालं. कानपिळीला मामाचा पोरगा उभा केलात म्हणे. नवरदेवाचा कान पिळायचा मान माझा होता. त्या पोराला धोतराचा सोगा धरता येत न्हाई, त्यानं काय कान पिळला असेल! जावईबापू हसले असतील. आणि अनू हसली न्हाई, हे मला इथं कुवेतला बसून कळतं. कळमनुरीला तिच्या सासरी फोन केला तर सासू म्हणते, पोरगी कामात हाय. दर वेळी कामात. एवढं काम तर मी इथं उन्हात सळई बांधतो तरी मला नसतं.

तुला आठवत असेल, मी निघालो तेव्हा आबा ओट्यावर उभे राहून ओरडले होते की हे पोरगं माझं न्हाई. न सांगता पासपोर्ट काढला ही माझी चूक म्हण, पण सांगितलं असतं तर निघू दिलं असतं का? तू तेव्हा काय बोललास? काहीच न्हाई. तू कधीच बोलत न्हाईस. तू दहावी शिकलेला, मी सहावीतून पळालेला, पण बोलताना तुला शब्दाला पैसे पडल्यासारखे वाटतात. व्हय, न्हाई, बघू. फोनचे पैसे तर मीच भरत होतो ना? मग दोन शब्द जास्त टाकले असते तर तुझं काय गेलं असतं?

आता बराबर ऐक. इथं आमच्या खोल्यांजवळ धर्मसिंगचं दुकान हाय. वसमतकडचा माणूस. कॉम्प्युटरवरून स्वस्तात फोन लावून देतो. आधी तुमचा आवाज तुकडे होऊन यायचा. तू ‘आबा’ म्हणलास तर ‘आ’ यायचं आणि ‘बा’ गडप. मीच त्याच्या डोक्यावर बसलो, की असं अर्धं काय ऐकवतोस, पैसे पूर्ण घेतोस. त्यानं एक आकडा वाढवला आणि आवाज असा गुळगुळीत झाला की मागं गाडी कुठल्या गिअरमध्ये गेली ते पण कळावं. मी खूश. लग्नाचं विचारायला फोन केला तो त्याच्यानंतरच.

मग मी तुमच्याशी बोलणंच टाकलं. मागच्या शुक्रवारी न राहवून लावला, तर आई ढाब्यावर आली. मी विचारलं, गुडघे दुखतात का गं? उत्तर न्हाई. वाटलं, रडून राहिली. म्हणून पुढचं विचारलं, दादा मला खरंच ये म्हणला होता का? तर आई म्हणते, लई दुखतात बाबा, मांडी घालून बसता येत न्हाई. मी हसलो. मग माझं हसू जागीच थिजलं.

धर्मसिंगची गचांडी धरली. तो म्हणला, अरे माऊली, आवाज रांगेत येत न्हाई, कधी एकदम येतो कधी अडतो, म्हणून कॉम्प्युटर तो आधी साठवतो आणि मग सारखा सोडतो. त्या साठवणीला बफर म्हणतात. मी म्हणलो, म्हणजे आमच्या मळ्यातला हौद. लाईट कमीजास्त झाली की मोटारीचं पाणी हबकत येतं, म्हणून आधी हौदात घ्यायचं आणि खालून पाटाला सोडायचं. पाणी एकसारखं, पण वाफ्यात उशिरा पोचतं. त्यानं हौद मोठा केला होता, दादा, आणि मला सांगितलं न्हाई. आता मी तो लहान करून घेतला. आवाज जरा तुटतो, तुटू दे, पण वेळेवर येतो.

तर त्या दिवशी मी आधी विचारलं होतं, आबाचा राग गेला का? तू गप. मला वाटलं, तुला बोलायचंच न्हाई, म्हणून लगेच दुसरं विचारलं, लग्नाला येऊ का? तेवढ्यात तुझं न्हाई आलं. ते आबाच्या रागाचं होतं. तुझं ‘ये’ मागून येऊन राहिलं होतं आणि मी फोन ठेवून रस्त्यावर पोचलो होतो. पण म्हणून तू सुटला न्हाईस. ‘राग गेला न्हाई’ असं पुरं म्हणला असतास, तर मी तुझ्या दारात मांडव घालायला उभा असतो. आणि फोन कटला तर साधं एक पत्र टाकता आलं नसतं? तुझा राग मला अजून हाय. राहील.

हे लिहायचं कारण वेगळंच. आई म्हणली, अनूनं निरोप धाडलाय, पंचमीला मुराळी म्हणून माऊलीदादा न्यायला आला तरच येईन, न्हाई तर सासरीच राहीन. फोरमनशी भांडून सुट्टी घेतली. या वेळी मी येऊ का म्हणून विचारत न्हाई, येतो म्हणून सांगतो. आबाला पण सांग, राग असेल तर समोर काढा, फोनवर नको. अनूला आणायला मीच जाणार, तू मधे पडू नको. धर्मसिंग गावी चाललाय, पत्र त्याच्याच हाती देतो. त्याला पोटभर शिव्या दे आणि मग चहा पाज. पंचमीच्या आदल्या दिवसासाठी हिंगोलीहून कळमनुरीला जायला जीप सांगून ठेव, चांगली, दार लागणारी. जीपच्या बयाण्याला पत्रासोबत पाठवतो, रुपये पाचशे.

तुझाच, पण अजून रुसलेला,
माऊली