न ऐकलेले पान

ता. ६ जून

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे गुडघे पुन्हा जिना मानू लागले हे वाचून परमेश्वराचे आभार मानले. इकडे तुझी वहिनी व मी सुखरूप आहोत. माझी जीभ तेवढी पूर्वीइतकीच चालते. हे तू लिहिणारच, म्हणून मीच आधी लिहून ठेवतो.

पाठशाळेतले शिकवणे सुटल्यापासून पहाटेची उपासना आटोपली की उरलेला दिवस अंगावर येई. त्यावर ग्रंथपाल बाईंनी उपाय शोधला. ज्या मुलांच्या घरी शिकवणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी त्या धुलाईच्या दुकानामागच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग चालवतात. तेथे मी एक मेज सांभाळतो. भिंतीपलीकडे इस्त्र्या चालतात, त्यामुळे ती भिंत सदा ऊबदार असते आणि तिला पाठ टेकण्यावरून मुलांत नित्य हाणामारी होते.

माझी रीत तुला ठाऊक आहे. आधी मी पाठ म्हणतो, मग मुले म्हणतात. ज्ञान कानाने आत येते आणि मुखाने स्थिर होते, ही माझी श्रद्धा. या रीतीला फळ आले आहे ते एका आठ वर्षांच्या मुलीच्या रूपाने. आवाज असा खणखणीत की मुलांनी तिचे नाव टिटवी ठेवले. तिची आई त्याच दुकानात इस्त्री करते. मी पाठ दोनदा म्हणावा, की तिसऱ्या खेपेस ही पुस्तक उघडून, ओळीवर बोट ठेवून, कोठेही न अडखळता वाचते. वेदपठण करणाऱ्यांतही अशी धारणा मी क्वचितच पाहिली.

टेकडीवरच्या मोठ्या शाळेत दरवर्षी मोजक्या गरीब मुलांना विनाशुल्क घेतात. टिटवीसाठी मी शिफारस लिहीत आहे. तू पुढच्या आठवड्यात येतेसच. तेव्हा तिचे वाचन ऐक. तुझे डोळे भरून आले नाहीत तर मी नाव बदलीन.

आहे तो जिव्हाळा तुझ्या येण्याने द्विगुणित व्हावा.

तुझा,
दादा

ता. १९ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पोहोचले. प्रवासात माझ्याहून थोराड अशा एका बाईने मला आजी म्हणून हाक मारली, तेवढा अपमान सोडला तर काही त्रास झाला नाही. वहिनीला सांग, तिने बांधून दिलेले सगळे मी अर्ध्या वाटेतच संपवले आणि घरी कोणालाही पत्ता लागू दिला नाही.

तुझी टिटवी गोड आहे. तिने दीपगृहाच्या रखवालदाराचा पाठ वाचला तेव्हा माझे डोळे खरेच भरून आले. तुला नाव बदलायला नको.

पण दादा, एक गोष्ट लिहिते, रागावू नकोस. तिचे वाचन चालू असताना तू खिडकी लावायला उठलास ना, तेव्हा पुस्तकाची दोन पाने एकमेकांना चिकटलेली होती. तिने ती दोन्ही एकदमच उलटली. आणि मधल्या न उघडलेल्या पानावरचा मजकूर तिने जसाच्या तसा म्हटला. बोट एकीकडे, तोंड दुसरीकडे. मी वहिनीकडे पाहिले, पण ती मुलीच्या वेण्यांचे कौतुक करण्यात गुंग होती.

मी आयुष्यभर मुलांच्या वॉर्डात परिचारिका होते. तिथे एक शिकले. मूल जे फार छान करते ना, त्याच्या आड कधीकधी त्याला न येणारे काहीतरी बसलेले असते. मला वाटते, टिटवीला वाचता येत नाही. तिला तू येतोस.

शिफारस पाठवायच्या आधी तिला एक पान असे दे, जे तिने कधी ऐकलेले नाही. बस, एवढेच. माझे चुकले असेल तर पुढच्या भेटीत चारचौघांत कान धर.

तुझा लोभ आहे म्हणूनच एवढे लिहायला धजले. तो या पत्रानंतरही तसाच राहू दे.

तुझी,
धाकटी

ता. २५ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोहोचले. वॉर्डात वर्षे काढलेल्या माणसास हसऱ्या मुलातही ताप दिसतो, यात तुझा दोष नाही. परंतु पुस्तक पुढ्यात असता ते मुखोद्गतही असणे, हा रोग नव्हे. आपल्या पूर्वजांनी लिपी हाती येण्याआधी अवघे ज्ञान कंठात वाहून आणले. त्यांना काय निरक्षर म्हणावयाचे?

शिफारस गेलेली आहे. तीत मी तिचे वाचन निर्दोष असल्याचे लिहिले आहे आणि ते माझ्या कानांनी ऐकून लिहिले आहे.

वहिनीचा निरोप, की रिकामा डबा आठवणीने परत पाठवावा. प्रेम आहेच, त्याचा निराळा उच्चार करीत नाही.

दादा

ता. ११ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुला लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, हे तूच ठरव.

काल टेकडीवरच्या शाळेत टिटवीची मुलाखत झाली. तिची आई रजा मिळेना म्हणून आली नाही. मी घेऊन गेलो. मुख्याध्यापिका बाई सौम्य होत्या. त्यांनी तिच्या हाती एक पान दिले. त्यावर मधमाश्यांची माहिती होती. पोळ्याचे चित्रही होते. टिटवीने पान नीट धरले, पहिल्या ओळीवर बोट ठेवले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि तिच्या त्या खणखणीत आवाजात दीपगृहाच्या रखवालदाराचा पाठ म्हणावयास आरंभ केला.

तिला कोणी थांबवले नाही. शेवटपर्यंत म्हटला. नंतर मुख्याध्यापिका बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, की फसवणूक शिकवावी तर अशी, तालीम उत्तम झाली आहे. मी ते ऐकून घेतले. आयुष्यभर जी जीभ विसावली नाही, ती त्या एका क्षणी टाळ्याला चिकटली.

उतारावर टिटवीने माझा हात धरून विचारले, की आजोबा, माझा कुठला शब्द गळला का? बाई अशा का बघत होत्या? धाकटे, त्या लेकराने कोणास फसवले नव्हते. वाचणे म्हणजे हेच, अशी तिची समजूत होती. शाळेत गर्दीत सगळ्यांसोबत ओरडायचे आणि माझ्यापुढे माझा आवाज परत करायचा. याखेरीज वाचन म्हणून तिने काही पाहिलेच नव्हते. तिचा कोठलाच शब्द गळला नाही, असे मी सांगितले. तेवढे सत्य होते.

आज टेकडीवरून तिच्या शाळेत निरोप गेला आहे, की मुलीकडून लबाडी करवून घेण्यात आली. वर्गातील मुले तिला लबाड म्हणतात. ती संध्याकाळच्या वर्गास आली नाही.

आणखी एक गोष्ट उरते. तुझे पत्र आले तेव्हा शिफारस माझ्या मेजावरच होती. तुझे पत्र वाचून झाल्यावर मी ती पाठवली. तुला मात्र लिहिले, की गेलेली आहे. पहाटे आसनावर बसतो. स्तोत्र तोंडपाठ असल्याने आपोआप म्हटले जाते, आणि म्हणत असता माझाच आवाज मला परका वाटतो. भगवंताच्या पुढ्यात मीही टिटवीच झालो आहे, परंतु तिच्या निष्पापपणाखेरीज.

मला कठोर लिही. ममता नंतर कर.

दादा

ता. १५ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कठोर लिही म्हणतोस, तर ऐक. तुझा पश्चात्ताप फार सुरेख उतरला आहे, आणि मला भीती वाटते की तोही तुला पाठ होईल. मला लिहून काय उपयोग? मी कोणाला लबाड म्हटले नाही. आत्ता ऊठ, टेकडी चढ, आणि त्या बाईंना सांग की मुलगी खरी होती, शिकवणारा आंधळा होता, आणि त्याला आधी सांगितलेलेही होते. हे शेवटचे गाळू नकोस. मग तिच्या आईकडे जा. मुलीची माफी मात्र मागू नकोस. आठ वर्षांची पोर, तुझी एवढी मोठी माफी ती ठेवणार कुठे?

आणि माझेही ऐक. त्या संध्याकाळी मी तुझ्या शेजारीच बसले होते. तिथेच, त्याच घटकेला, दादा थांब, एवढे म्हणाले असते तर? पण तुझा चेहरा फुललेला, आणि लहानपणापासून तुझ्या रागाला मी घाबरते. म्हणून घरी येऊन, सुरक्षित अंतरावरून पत्र लिहिले. तुला एकट्यालाच सगळा दोष उचलू देणार नाही, हावरट माणसा.

डबा पाठवला आहे. रिकामा नाही, वहिनीला सांग.

राग ओसरला की लोभ तळाशी दिसेलच. शोधत बसू नकोस, आधी टेकडी चढ.

तुझी,
धाकटी

ता. ३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

टेकडी चढलो. तू गाळू नकोस म्हणालीस ते गाळले नाही. मुख्याध्यापिका बाईंनी सगळे ऐकले आणि इतकेच म्हटले, की लबाडीचा शब्द त्या परत घेतील, परंतु जागा भरली आहे. त्यांनी तो घेतलाही. टिटवीच्या शाळेत जाऊन वर्गासमोर त्या स्वतः बोलल्या, हे त्यांचे मोठेपण. तरी काही मुले अद्याप तोच शब्द वापरतात; एकदा सुटलेला शब्द कोणाच्या परत घेण्याने पुरता परत येत नाही.

तिच्या आईपुढे उभा राहिलो तेव्हा त्या माउलीने इस्त्री थांबवली नाही. एक शर्ट झाला, दुसरा घेतला. मग म्हणाली, की मला वाचता येत नाही, म्हणून तर तुमच्यावर सोडली होती. पोरगी वाचते म्हणून मी साऱ्या गल्लीत सांगत सुटले, आता मी कोणाकोणाला काय सांगू? मी निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाली, की पाठवीन तिला, पण तुमच्या मेजावर नाही.

ते मी मान्य केले. टिटवी आता ग्रंथपाल बाईंच्या मेजावर बसते. माझ्या मेजावरची मुले आता आधी स्वतः पान पाहतात. मी नंतर तोंड उघडतो. ही रीत मला अद्याप जड जाते. मुले मध्येच माझ्याकडे पाहतात, आणि मी विनाकारण चष्मा पुसतो.

टिटवी मजकडे पाहत नसे. येताना नाही, जाताना नाही. तिचा तो आवाजही गेला आहे; अक्षर लावताना ती इतके हळू बोलते, की भिंतीपलीकडची वाफ तिच्याहून मोठी वाटते.

काल ती एका शब्दाशी अडली. पहिले अक्षर लावले, दुसरे लावले, तिसऱ्यापाशी आली की पहिले निसटे. पुन्हा आरंभ. ग्रंथपाल बाई शांत बसल्या होत्या. मला माझ्या मेजावरून तो शब्द दिसत होता. साधा शब्द, माझ्या ओठांवर येऊन थांबलेला. बहुधा ओठ हललेही असावेत, कारण टिटवीने मान वर केली, इतक्या दिवसांत प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा तिच्या जुन्या आवाजात बजावले, की आजोबा, सांगू नका.

मुले हसली. मी तोंडावर हात ठेवला.

मी निघेपर्यंत तो शब्द तिला लागला नव्हता. मी सांगितला नाही.

तुझ्या मायेस मी पात्र आहे असे म्हणवत नाही. तरी ती असू दे.

तुझा,
दादा