गोटमारीच्या तारखेचा शिक्का

बाई,

गेल्या शनिवारी पांढुर्ण्यात टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात मी परीक्षक होते आणि तिथे एका फ्रेममध्ये मला तुमचा लिफाफा दिसला. म्हणून लिहिते आहे. एरवी गेलेल्या माणसांना पत्रं लिहिण्याची मला हौस नाही, आणि तुम्हाला तर ती अजिबात आवडली नसती. लिफाफा तुमचाच, हे मी लांबूनच ओळखलं. मी कॉलेजसाठी नागपूरला निघाले तेव्हा तुम्ही मला जो दिलात, त्याचा हा जोडीदार. नदीकाठच्या त्या जुन्या, छोट्या टपालघराचा गोल शिक्का, वर्तुळाला उजवीकडे तीच लहानशी खोच, आणि तारीखही तीच. आणि त्या तारखेचा शिक्का तर जगात असायलाच नको.

त्या दिवशी गोटमार होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड चालवतात, त्या दिवशी नदीकाठी कुत्रंसुद्धा उभं राहत नाही, मग टपालघर कोण उघडेल? ते पोळ्याच्या संध्याकाळीच फळ्या लावून बंद व्हायचं. त्या वर्षी माझ्या काकांचं डोकं फुटलं होतं, म्हणून ती तारीख आमच्या घरात सगळ्यांना पाठ. तुम्ही दिलेला लिफाफा हॉस्टेलवर पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हाच माझ्या लक्षात आलं. बाईंनी मला बनावट वस्तू दिली. एक तर त्यांना कुणी फसवलं, किंवा त्यांनी कारकुनाला सांगून शिक्का मारून घेतला, किंवा मी ओळखते का हे पाहताहेत. तिन्हींपैकी एकही मला सोसण्यासारखं नव्हतं. सुट्टीत मी तुमच्याकडे येत राहिले, तुमच्या हातचं खात राहिले, पण लिफाफ्याचा विषय काढला नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, ही भीती. तो लिफाफा मी कधी कुठल्या प्रदर्शनात लावला नाही. फेकलाही नाही.

तुमचं ते सौंसरचं स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे. मी मामांकडे राहून तुमच्या शाळेत शिकते आहे आणि शनिवारी दुपारी आम्ही दोघं तुमच्या ओट्यापाशी उभे आहोत: मी, आणि तो रामाकोन्याहून सायकल हाणत येणारा माझा वर्गमित्र. पितळी परातीत कोमट पाणी, पाण्यावर लिफाफ्यांचे कापलेले तुकडे तरंगताहेत, तिकिटं हळूहळू सुटताहेत. शेगडीवर झुणका. तुम्ही एका हाताने झुणका हलवता आणि दुसऱ्या हाताने माझ्या बोटांवर चापट मारता. "चिमटा कशाला दिला तुला? भुवया उपटायला?" त्याला मात्र चापट नाही. त्याच्या बोटांना मातीच असायची, तरी त्याला नुसतं, "हात धुऊन ये रे बाबा." हे मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं. पूर्ण शिक्का असलेला लिफाफा कधी कापायचा नाही, हे तुम्ही तिथेच शिकवलं. तिकीट पैसे सांगतं, शिक्का प्रवास सांगतो, असं म्हणायचात. आम्हाला टपालघरातही नेलंत. तिथला कारकून सकाळी डबीतून आकडे काढून शिक्क्यात बसवायचा, काल सात असेल तर आज आठ, एवढंच त्याचं पंचांग.

आणि एक बोलणं. वर्गात फळ्यावर तारीख लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. एकदा कसलीशी स्थानिक सुटी होऊन शाळा उघडली आणि मी सवयीने जुना आकडा पुसून पुढचा आकडा लिहिला. तुम्ही वर्गात आलात, फळ्याकडे पाहिलंत. एरवी शुद्ध बोलणाऱ्या तुम्ही रागावलात की आमच्यासारखंच बोलायचात. "काहून गं, आपण घरी बसलो म्हणजे दिवसही घरी बसून राह्यला काय?" सगळा वर्ग हसला. तो सगळ्यांत मोठ्यांदा.

तुम्ही गेलात त्या दिवसांबद्दलही लिहायला हवं. तुमच्या पुतण्याने आल्बम नागपूरच्या कुणा व्यापाऱ्याला देऊन टाकले, हे मला नंतर कळलं. पण दहाव्याला मी आले तेव्हा आपला तो रामाकोन्याचा सायकलवाला तुमच्या घरातून बाहेर पडत होता आणि त्याच्या काखेत पिशवी होती. मी पिशवीकडे पाहिलं, त्याने मी पाहिलेलं पाहिलं. त्यानंतर इतकी वर्षं आमचं बोलणं लग्नाकार्यात "कसं काय" आणि "बरं हाय" एवढंच. त्याचं सौंसरला खताबियाण्यांचं दुकान आहे, मी पांढुर्ण्यात मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. पोरांच्या बाह्यांत दडवलेल्या चिठ्ठ्या पकडण्यात माझं आयुष्य गेलं. पिशवी मी कशी विसरणार?

तर शनिवारी सभागृहात त्याच्या फ्रेमा उभ्या होत्या. विषय 'आपल्या भागाचं टपाल'. एका फ्रेममध्ये सोळा पानं, प्रत्येक पानावर एखादा लिफाफा आणि खाली चार ओळी. बोरगाव, मोहगाव, रामाकोना, बंद पडलेली टपालघरं, पावसाने पुसट झालेले शिक्के. काम चांगलं होतं. मला ते चांगलं वाटलं याचाच राग आला. आणि तिसऱ्या फ्रेममध्ये, मधोमध, तुमचा लिफाफा. खाली त्याने ठळक अक्षरांत लिहिलं होतं: गोटमारीच्या दिवशी टपाल सुरू होतं, याचा दुर्मिळ पुरावा.

भोपाळहून आलेले मुख्य परीक्षक शांत गृहस्थ. मी त्यांना म्हटलं, ही वस्तू बनावट आहे. ते म्हणाले, "मॅडम, ठप्पा साफ़ है, टिकट सही ज़माने का है. ख़राबी क्या है?" मी गोटमार समजावून सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पत्थर मारते हैं? सचमुच के?" मग म्हणाले, बनावट ठरली तर पूर्ण मांडणी बाद होईल, राज्याच्या प्रदर्शनाला जाता येणार नाही आणि माणसाच्या नावावर डाग राहील, तेव्हा उद्या सकाळच्या बैठकीत पुरावा द्या. नियमाप्रमाणे फ्रेम मालकाच्या समोरच उघडतात. त्याला बोलावलं. केस पांढरे झालेत, पण हसणं तेच. त्याने फ्रेमची काच सरकवली, लिफाफा काढून माझ्यासमोर धरला. चिमट्याने.

"पाह्य मास्तरीणबाई, डोये भरून पाह्य. उलटून बी पाह्य."

"हे कुठून आणलंस?"

"आनलं नाही. बाईंनी देल्लं मले."

"गोटमारीच्या दिवशी ते टपालघर उघडं होतं?"

"बाईंनी देल्लं म्हणजे असंनच उघडं."

"असं कुठं असतं?"

"तुह्यं तं लहानपणापासून असंच. भाकर देल्ली तं पहिले वास घेतेस, मंग खातेस."

मी लिफाफा उलटला. मागे सौंसरला पोचल्याचा शिक्का होता, दोन दिवसांनंतरचा. पांढुर्ण्याची डाक तेव्हाही दुसऱ्या दिवशी सौंसरला पोचायची. मी मनात नोंद केली: इथेही घोळ आहे.

संध्याकाळी घरी येऊन माझा लिफाफा कपाटातून काढला. तो मोहगावला गेलेला, लिहिणारा वेगळा, शाई वेगळी. मागे मोहगावचा शिक्का, तोही दोन दिवसांनंतरचा. दोन बनावट वस्तू एकाच हातून आल्या, आणि तो हात तुमचा. बाई, मी खरं सांगते, त्या क्षणी मी तुमच्याबद्दल फार वाईट विचार केला. चहा टाकला. ओट्यामागच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे. आदल्या दिवशी प्रदर्शनाच्या धावपळीत पान फाडायचं राहिलं होतं. मी सवयीने एक पान फाडलं, चुलीकडे वळले, आणि पुन्हा मागे वळून पाहिलं तर आज शनिवार असून भिंतीवर शुक्रवार होता.

चहा उतू गेला. मी तिथेच उभी राहून मोठ्याने म्हटलं, "दिवसही घरी बसून राह्यला काय?"

पोळ्याच्या दिवशी शिक्क्यात पोळ्याची तारीख होती. गोटमारीला टपालघर बंद. रविवारच्या सुटीनंतर दोन आकडे पुढे जायचं सगळ्यांच्या अंगवळणी असतं, पण गोटमारीची सुटी कुठल्या सरकारी यादीत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी कारकून आला, डबी उघडली, शिक्क्यातला आकडा पाहिला आणि एक आकडा पुढे बसवला. त्याचं स्वतःचं डोकं शाबूत होतं की नाही, देव जाणे. मग चूक लक्षात येईपर्यंत त्या दिवसाच्या टपालावर गोटमारीची तारीख उमटली. पत्रं मात्र नेहमीसारखीच दुसऱ्या दिवशी पोचली, म्हणून मागच्या शिक्क्यांत दोन दिवसांचं अंतर. त्याच्याजवळचा एकटा लिफाफा पाहिला तर संशय येतो, माझा एकटा पाहिला तरी संशयच येतो. दोन्ही शेजारी ठेवले तर उलगडा होतो. दोन अनोळखी माणसं, दोन गावं, आणि चूक एकच.

रविवारी सकाळी मी माझा लिफाफा घेऊन गेले. मुख्य परीक्षकांना आधी सांगितलं की दोन्ही वस्तू माझ्याच शिक्षिकेच्या आहेत, हे मी काल बोलायला हवं होतं, आणि या मांडणीचे गुण मी देणार नाही. त्यांनी दोन्ही लिफाफे भिंगाखाली धरले. वर्तुळातली खोच पाहिली, मागचे शिक्के पाहिले. बराच वेळ गेला. "असली हैं," ते म्हणाले, "दोनों. लेकिन भाई साहब ने नीचे जो लिखा है, वह ग़लत है." बरोबर होतं. टपाल त्या दिवशी सुरू नव्हतंच. उरलेल्या दोघा परीक्षकांनी त्याला रौप्य दिलं. मजकूर दुरुस्त केला तर राज्याच्या प्रदर्शनाला जाता येईल, असा शेरा मारला.

तो बाहेर संत्र्याच्या गाडीपाशी उभा होता. मी सांगितलं. "रौप्य तं रौप्य," तो म्हणाला. "तुह्या हातून जित्ता सुटलो, हेच सोनं." मग त्याने माझ्या हातातला लिफाफा वाकून पाहिला.

"बाईंनी तुला कधी दिला?" मी विचारलं.

"दवाखान्यात. आखरीच्या वक्ताला. म्हणल्या, याचा जोडीदार तिच्यापाशी हाय, दोन्ही संग पाह्यजा."

"आणि पिशवीत काय होतं?"

"कोणत्या पिशवीत?"

"दहाव्याला तुझ्या काखेत होती ती."

त्याला आठवावं लागलं, किंवा आठवावं लागतंय असं त्याने दाखवलं. "त्यांची परात," तो म्हणाला. "पुतन्या भंगारात देऊन राह्यला होता. अजून हाये घरी."

"मग इतक्या वर्षांत माझा लिफाफा मागितला का नाहीस?"

"तुले मागू? तुले मागन्यापरीस गोटमारीत मधात उभं राह्यलेलं बरं!"

आता माझा संशय ऐका. जोडीदार माझ्यापाशी आहे असं तुम्ही सांगितलंत, हे तो माझा लिफाफा पाहिल्यावर बोलला. आधी बोलला असता तर मी लगेच मानलं असतं. चतुर माणूस आहे, दुकान चालवतो. परात मी काल त्याच्याकडे पाहिली, ती तुमचीच आहे, काठाला दोन पोचे आहेत. पण परात खरी म्हणून दवाखाना खरा, असं होत नाही. आणि दुसरा संशय तुमच्यावर. तुम्हाला हा उलगडा ठाऊक होता. फळ्यावरची तारीख पाहून मला तसं बोलणारी बाई तो शिक्का पाहून फसेल, हे मला पटत नाही. मग तुम्ही जोडी का फोडलीत? जो विचार न करता विश्वास ठेवतो त्याला एक, जी विचार न करता संशय घेते तिला एक. तुम्ही मुद्दाम केलंत. आम्ही दोघं भांडत का होईना, एका ओट्यापाशी पुन्हा येऊ, असं तुम्हाला वाटलं असणार. फार वर्षं लावलीत, बाई. नाही, ती आम्ही लावली.

काल बसने सौंसरला गेले. त्याच्या दुकानात खताच्या पोत्यांमध्ये स्टूल मांडून नवा मजकूर मी सांगितला आणि त्याने लिहिला. दोनदा भांडण झालं. 'दुर्मिळ' हा शब्द मी काढायला लावला, 'बाईंच्या संग्रहातून' हे शब्द त्याने काढू दिले नाहीत. त्याच्या बायकोने चहा आणला आणि म्हणाली, "पोरायसारखे भांडून राह्यले दोघं, शोभते का या वयात?"

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. आल्बममध्ये त्या लिफाफ्याचा प्लॅस्टिकचा खिसा आता रिकामा आहे, त्यात घडी करून ठेवते. तिकीट लावणार नाही, तुम्ही म्हणाल, वाया घालवलंस.

दिल्याची नोंद: लिफाफा एक, मोहगावला गेलेला, पुढे गोटमारीच्या तारखेचा शिक्का, मागे पोचल्याचा शिक्का, डाव्या कोपऱ्याला दुमड, बाकी अवस्था चांगली. सौंसर येथे, दुकानात, त्याच्या हातात दिला. चिमटा दिला नाही, तो माझा आहे. पोच घेतली नाही.