एकच जाड हात

३ मार्च, सोमवार
पोरगी रविवारी नोकरीच्या गावाला चालली. आपली जुनी गाडी नेणार. टपाचा रंग पार उडालाय. म्हटलं, बाप रंगवून देणार, आरशासारखी. ती म्हणाली, बाबा, धुऊन दिलीत तरी चालेल. चालेल कसं? परक्या गावात लोक गाडी बघूनच माणूस जोखतात. बायको म्हणाली, माझ्या भावाला सांगा, त्याचा धंदाच तो. मेहुण्याला सांगितलं तर तो महिनाभर पॉलिश पेपरच घासत बसेल. त्याच्याकडून नुसती रंग फवारायची गन आणि कॉम्प्रेसर मागवला. सल्ला पाठवू नकोस, असं बजावलं.

४ मार्च
घासकाम. मेहुण्याचा फोन आलाच. म्हणे भाऊजी, नख अडकणार नाही इतकं गुळगुळीत घासा.
नखं कापली. काम संपलं.

५ मार्च
प्रायमर आणि रंग, दोन्ही उरकलं. दारावर जरा ओघळ आलेत. बायको म्हणाली, गाडी रडतेय. लक्ष दिलं नाही. वरून लॅकरचा चकचकीत थर बसला की सगळं झाकलं जातं.

६ मार्च, सकाळ
आज लॅकर. खरी चमक त्यातच. मेहुणा फोनवर म्हणाला, तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात सुकू द्या. तीन पातळ म्हणजे एक जाड. हिशेब मलाही येतो. मग म्हणाला, आणि भाऊजी, ओल्या गाडीवर चुकूनसुद्धा... फोन ठेवला. बोलतच बसतो.

संध्याकाळ
काय चमक! मिशीतला पांढरा केस न् केस दिसतोय. फक्त चिलटं बसायला लागली. मग डोकं चालवलं. बायकोची उठावदार फुलांची जाड चादर कपाटातून काढली आणि गाडीवर अंथरली. मेहुण्याला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

७ मार्च
चादर निघत नाही.

दुपार
निघाली. बंपरला पाय लावून ओढली. टपावर, बॉनेटवर फुलं उमटलीत. पाकळी न् पाकळी. बायकोने चादर बघितली आणि भावाला फोन लावला. लक्षण बरं नाही. पोरीला सांगितलं, डिझाइन आहे. ती म्हणाली, हो का.

८ मार्च
पॉलिश मारलं. फुलं जास्तच उठून दिसायला लागली.
मेहुणा आला. वाकून वाकून बघितलं. म्हणाला, सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागेल, आठवडा तरी जाईल. पोरगी उद्या निघणार! म्हटलं, आज बसून उरकू. त्याने माझ्या हातातली गन हळूच काढून घेतली. चमक तरी टिकेल का, विचारलं. म्हणाला, भाऊजी, ही फुलं कुणाच्या बापाच्याने जायची नाहीत.

९ मार्च, रविवार
पोरगी मामाच्या गाडीतून गेली. ती गाडी त्याने कोणे एके काळी रंगवलेली. दार लावताना त्यात माझं तोंड दिसलं. नको इतकं स्वच्छ.
बसताना ती म्हणाली, बाबा, आपली गाडी नीट सुकू द्या. घाई करू नका. सुकली की येऊन नेते.
बरोबर आहे तिचं. काम झकासच झालंय. नुसती ओली आहे.

२५ मार्च
पोरीचा फोन. सुकली का, विचारत होती.
बाहेर जाऊन बॉनेटवर हात फिरवला. दगडासारखं कडक.
सांगितलं, अजून जराशी ओली आहे. घाई नको.