बाबांची चिठ्ठी पहिली

मिस, तुमचं चुकलं होतं. तुम्हाला जाऊन वीस-एक वर्षं झाली, अंधेरीतल्या तुमच्या बिल्डिंगच्या जागी टॉवर उभा आहे, तरी हे मला तुम्हालाच सांगायचं आहे.

आमचा जर्मनचा क्लास तुमच्या स्वयंपाकघरात भरायचा. जुन्या कॅलेंडरचे तुकडे करून त्यांच्या पाठीवर आपापल्या वाक्यातले शब्द लिहायचे, त्या चिठ्ठ्या टेबलावर ओळीने लावायच्या आणि तुम्ही मान डोलावली की मगच तोंड उघडायचं. त्या संध्याकाळी माझ्या मनात एकच गोष्ट होती. बाबांना आईने हॉस्पिटलातून घरी आणलं होतं. मी बाबांची चिठ्ठी पहिली ठेवली. तुम्ही सगळी ओळ हाताने विस्कटलीत. "आणलं कोणी? आईने ना? मग आई पहिली. डोक्यात अख्खं वाक्य तयार झाल्याशिवाय जर्मन माणूस तोंड उघडत नाही. तू काय भाजीवाल्याशी बोलतेयस?" बाकीच्या मुली हसल्या. बाबा कसे आहेत, हे तुम्ही विचारलं नाहीत.

कॉन्व्हेंटात 'येस मिस' म्हणायची सवय लागलेली, म्हणून मी तुमचं ऐकलं. मुलुंडच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागले. जर्मनीहून इंजिनिअर आले. त्यातल्या एकाने मशीनपाशी मला काहीतरी अगदी साधं विचारलं. उत्तर मला येत होतं. मी डोक्यात चिठ्ठ्या लावत उभी आहे आणि साहेब घड्याळ बघतायत. शेवटी स्टोअरमधला एकजण मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, हातवारे करत, बोलून मोकळा झाला. पुढच्या आठवड्यापासून दुभाषी तो, आणि मी मागच्या खोलीत मशीनच्या माहितीपत्रकांचं भाषांतर करायला. त्याच खोलीतून रिटायर झाले.

आता माझी सून जर्मन आहे. ओट्यापाशी उभी राहून ती फोनवर आपल्या आईशी बोलते आणि मी निर्लज्जासारखी कान देऊन ऐकते. दूध उतू गेलं की दूध पहिलं. खिडकीत मांजर आली की मांजर पहिली. मध्येच अडते, वाक्य सोडून देते, दुसरीकडून सुरू करते. मी विचारलं, "तू आधी सगळं ठरवून नाही बोलत?" ती हसायला लागली, जर्मनमध्येच म्हणाली, "कसं ठरवणार, आई? डोक्यात पहिलं येतं, ते तोंडात पहिलं. बाकी मागून येतं." मिस, तुम्ही जर्मनी कधी पाहिली तरी होतीत का? पुस्तकातला एक नियम उचललात आणि माझ्या जिभेवर ठेवून दिलात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पण एक गोष्ट तुमच्यावर ढकलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते. गेल्या महिन्यात सून दारातूनच मराठीत म्हणाली, "पाय... जिन्यात... पडले मी." आणि मी म्हणाले, "आधी वाक्य नीट जुळव, मग बोल." तेव्हापासून ती माझ्याशी इंग्रजीत बोलते. पाय मुरगळला होता, हे मला मुलाकडून कळलं.