लॉराला छावणीवर नेलंय

मामा,

लॉराला शोधू नका. मी तिला स्कूटीवर चारा छावणीत घेऊन चाललेय. बिझनेसचं शिकणारी पोरगी फेलोशिप घेऊन एवढ्या लांबून आपल्या दूध संस्थेला सल्ला द्यायला आली, अन् तुमी तिला रोज हापिसात बसवून शाल-नारळच देताय. अजून तिनं एक म्हैस बघितली न्हाई.

दुष्काळात जनावरं घेऊन बायाच छावणीत राहतेत, दूधही त्याच काढतेत. सभासद मात्र त्यांचे नवरे. आज त्या बोलतील अन् मी लॉराला इंग्रजीत सांगीन.

"तू चहापाण्याचं बघ," म्हणला होतात ना? चहा थर्मासात हाय.

यायचं तर खुशाल या. चेअरमनची खुर्ची तेवढी आणू नका, तिथं समदे भुईवरच बसतेत.

तुमची सून,
सिंधू