दारापुढचा खटका

३ फेब्रुवारी

पुन्हा तोच खटका! धाकटा क्लच न दाबता गिअर टाकतो. वर्कशॉपच्या दारापुढून जाताना दुसऱ्याचा तिसरा केला आणि खट्ट — माझ्या दाढेत कळ गेली. मी आत कार्ब्युरेटरमध्ये मान घालून बसलो होतो, तरी ऐकू आलं. याच कानांवर तर पोट भरलं आजवर. चेन सैल आहे की टॅपेट वाजतोय, गिऱ्हाईक वळणावर असतानाच सांगतो. सख्ख्या भावाचा गिअर ऐकू येणार नाही?

परत आला तेव्हा म्हटलं, "क्लच काय शोभेला लावलाय?"

हसला. "दादा, रेस सोडली की आपोआप पडतो. लोण्यात सुरी."

"मग माझ्या दारापुढेच लोण्यात हाड कुठून येतं रे?"

काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

६ फेब्रुवारी

गंमत झाली. पेट्रोल भरून येत होतो, तर हा पुढे. मला पाहिलं नव्हतं त्याने. दुसरा, तिसरा, चौथा — क्लचला बोट नाही आणि आवाजही नाही! काय पाय आहे! पायाने गिअर आधी जरासा रेटून धरायचा, क्षणभर रेस सोडायची, की दात आपणहून दातात बसतात. मला जन्मात जमलं नाही. याला टाकीवर बसवून गाडी शिकवली ती मी, आणि आता हा असा चालवतो. मागून बघताना छाती फुगली, खोटं कशाला लिहू.

आणि दारापुढे आल्यावर? खट्ट!

म्हणजे मुद्दाम करतो. मला खिजवायला.

१० फेब्रुवारी

हल्ली गाडी वर चढावर लावून चालत खाली येतो. म्हटलं, "पोट कमी करतोयस का?" म्हणाला, "तसंच समज."

१३ फेब्रुवारी

आज दोनदा त्याच्या हातून पाना पडला. आवाजावरूनच सांगितलं, चौदा नंबर. "लक्ष कुठाय? रात्री झोपत नाहीस का?" म्हणाला, "जरा दुखतंय दादा." मी म्हटलं, "दुखतंय हा माल आपल्याकडे मिळत नाही, पुढच्या दुकानात बघ." मी अंगात ताप असताना इंजिनं उतरवली आहेत. एक रजा नाही. उगाच नाही उभं राहिलं हे सगळं.

१७ फेब्रुवारी

आज भडकलो. आमचे जुने गिऱ्हाईक मास्तर, त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स नुकताच बांधलेला. याने ट्रायल घेतली आणि मास्तर दारात उभे असताना खट्ट! मास्तरांचा चेहरा असा, जणू त्यांच्याच पायावर पाय दिला.

चावी काढून घेतली. "उद्यापासून ट्रायल मी घेणार. तू टेबलावरची कामं बघ." मग वातावरण हलकं करायला म्हटलं, "काय आहे मास्तर, आमच्या धाकट्याचा डावा हात पगारी रजेवर आहे!"

सगळे हसले. तोही हसला. चावी देताना मात्र हळूच म्हणाला, "दादा, हेच होणार माहीत होतं मला."

२० फेब्रुवारी

आला नाही. निरोप — अंगात कणकण आहे. फुगलाय. येईल.

१ मार्च

दवाखान्यातून आत्ता आलो. हात धुतले, तरी जेवण गेलं नाही.

भावजयीने बोलावून घेतलं म्हणून गेलो. डाव्या कोपरापाशी नस दबलीय त्याची. करंगळी आणि शेजारचं बोट वाकलेलं, अंगठ्यामागचं मांस आत गेलेलं, खड्डा पडलाय. क्लचची मूठ आवळायला जोरच नव्हता. म्हणून गाडी चढावर — उतारावर आपोआप सुटते, मग पहिला गिअर टाकायचा. म्हणून पाने पडायचे. पुढ्यात होतं सगळं! पाना कितव्या नंबरचा ते सांगितलं मी. पडला का, ते नाही विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी आधी का नाही आलात?" तो माझ्याकडे बघून हसला. पुन्हा!

मला म्हणाला, "मास्तरांच्या गिअरबॉक्सचं काही बिघडलं नाही ना दादा?"

६ मार्च

ऑपरेशन झालं. आता आणखी बिघडणार नाही म्हणतात. गेलेलं किती परत येईल, ते सांगत नाहीत. दोन-तीन महिने लवकर आला असता तर... बाईंनी वाक्य तिथंच सोडलं. मी दिवसभर ते पुरं करत बसलोय.

'पगारी रजेवर'. स्वतःच्या जिभेला चिमटा काढावासा वाटतो.

९ मार्च

आज त्याच्यासारखं करून पाहिलं. मोकळ्या रस्त्यावर, क्लच न दाबता. कर्रर्र! लाज वाटली. दवाखान्यात जाऊन त्याला सांगितलं, तर म्हणे, "रेस उशिरा सोडतोस तू. घाबरतोस." खरंय.

१२ मार्च

त्याला घरी आणलं. तो झोपल्यावर भावजय कपडे घड्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला सांगायचा धीरच होत नव्हता त्यांना. दुखतंय म्हटलेलं तुम्हाला चालत नाही, आणि गाडी काढून घ्याल ही भीती. रोज निघताना म्हणायचे, आज दारापुढे जोरात वाजवतो. दादाचे कान आहेत. विचारेलच, का रे बाबा, क्लच का दाबत नाहीस?"

विचारलं होतं की मी. क्लच काय शोभेला लावलाय — असं.